सात फोटो, पाच घोड्या

या आठवड्याचं पत्र आयर्लंडहून आलंय, थोडं छोटं करून देते:

"ताई, मी मूळची कराडची. अकरा वर्षं झाली इथे काउंटी गॉलवेत, नवरा इथलाच. सासरचं घर क्लिफडेनच्या बाहेर आहे, कॉनेमारा पोनींचा (इथल्या ठेंगण्या घोड्यांची जात) छोटासा स्टड, म्हणजे पैदाशीचा तबेला आहे, आता दोनच घोड्या उरल्यात. सुरुवात झाली ती सासूबाईंच्या घोडीपासून, 1966 ला कार्नाहून लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या वडिलांनी सोबत दिलेली. या मार्चमध्ये आमची सगळ्यात म्हातारी घोडी गेली, 29 वर्षांची. ऑफिसात डोळे भरून आले तर एकजण म्हणाला, अगं एक पोनी तर होती. तेव्हापासून मनात आहे की आधीच्या सगळ्या पैदाशीच्या घोड्यांची आठवण म्हणून काहीतरी करावं. हिरव्या कॉनेमारा मार्बलवर नावं कोरून तबेल्याच्या भिंतीवर लावायचा विचार आहे. बिस्किटाच्या डब्यात जुने फोटो मिळाले, त्यात मी सात घोड्या मोजल्या. सासूबाई (वय 82, हल्ली बरंच विसरतात) दर वेळी म्हणतात, पाच. नणंद म्हणते तू कालची आलेली, तुला त्या घोड्यांचं काय माहीत. नवरा म्हणतो गेल्या त्या गेल्या, राहू दे. हे मी करावं का, आणि कसं करू? फोटो जोडलेत. — गॉलवेची सून"

प्रिय सूनबाई,

आधी त्या मार्बलवाल्याला फोन करून सांग की थोडं थांब. कारण मला वाटतंय की सासूबाई विसरलेल्या नाहीयेत, पाच हाच आकडा बरोबर आहे.

तू पाठवलेले फोटो मी लॅपटॉपवर मोठे करून बघितले. पहिला कार्नाचा, मागे 1964 लिहिलेला, ब्लॅक अँड व्हाइट, त्यात एक गडद रंगाचं वर्षभराचं शिंगरू आहे. दुसरा 1970 चा, करडी घोडी, अंगभर गोल गोल ठिपक्यांची नक्षी, पायाशी शिंगरू. तिसरा 1985 चा, पांढरीशुभ्र घोडी, मानेवर आणि गालावर बारीक तपकिरी शिंतोडे. तू या तीन घोड्या मोजल्यास, कुणीही तशाच मोजल्या असत्या, पण करड्या रंगाच्या पोनी जन्मतः करड्या नसतातच गं. काळ्या, तांबड्या, तपकिरी अशाच जन्मतात आणि दर वर्षी केस गळून नवे येताना थोड्या थोड्या फिक्या होत जातात, आधी राखाडी, मग ठिपक्यांची, मग पांढरी, आणि म्हातारपणी काहींच्या अंगावर ते तपकिरी शिंतोडे उमटतात. एकच घोडी आयुष्यात चार वेगळ्या घोड्यांसारखी दिसते. 1964 ला वर्षाचं शिंगरू म्हणजे 1970 ला सात वर्षांची, 1985 ला बावीस वर्षांची. हिशोब अगदी बसतो, तिन्ही फोटोंत ती एकच घोडी. आणि सातातून दोन गेले की पाच.

मला हे कसं कळलं ते सांगते. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी दोन वर्षं गॉलवेत होते आणि ऑगस्टमध्ये क्लिफडेनचा पोनी शो असतो तो दोन्ही वर्षी बघितला. पहिल्या वर्षी पावसात कुंपणाला टेकून उभी होते, समोर एक दुधासारखी घोडी आणि तिला चिकटून कोळशासारखं शिंगरू. मी शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं की बाप काळा होता का. त्याने काही न बोलता मला जवळ नेलं, शिंगराचं तोंड हलकेच धरलं आणि डोळ्याभोवती बोट फिरवून दाखवलं. काळ्या केसात तिथे राखेच्या रंगाचे चार-सहा केस, जणू चष्म्याची कडी. म्हणाला, हे बघ, आई येतेय. मला ते वाक्य अजून तसंच्या तसं ऐकू येतं.

आता माझ्यावर विश्वास ठेवून थांबू नकोस, तपास. रंग बदलला तरी काही गोष्टी बदलत नाहीत. जन्मतः जिथे पांढरा पट्टा किंवा ठिपका असतो तिथली कातडी गुलाबी असते आणि घोडी पूर्ण पांढरी झाली तरी ती गुलाबीच राहते, बाकीच्या अंगाची कातडी काळी. तुझ्या 1970 आणि 1985 च्या दोन्ही फोटोत नाकपुड्यांच्या मधे डाव्या बाजूला कललेला एक गुलाबी डाग मला दिसतोय, 1964 च्या फोटोत त्याच जागी फिकट काहीतरी आहे पण फोटो मोबाईलने काढल्यामुळे नीट कळत नाही, तू मूळ फोटो भिंग घेऊन खिडकीशी बघ. दुसरी गोष्ट केसांचे भोवरे. आपल्याकडे घोडा घेताना लोक भोवरे बघतात ना, कपाळावर कुठे, मानेवर कुठे, कुठला शुभ कुठला अशुभ, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात अजूनही त्यावरून भाव वरखाली होतो. तिकडे तेच भोवरे ओळख पटवायला वापरतात. पोनीच्या पासपोर्टात, म्हणजे तिच्या ओळखपत्रात, घोड्याची रेखाचित्रं असतात आणि त्यावर प्रत्येक भोवरा फुली मारून दाखवलेला असतो, कारण तो आयुष्यभर जागचा हलत नाही. शेवटच्या घोडीचा पासपोर्ट घरात असेलच, त्यात बघ म्हणजे तुला अंदाज येईल की फोटोत काय शोधायचं.

आणि कागद शोधताना एक लक्षात ठेव. जुन्या नोंदीत रंग लिहिलेला असतो तो नोंदणीच्या दिवशी जसा होता तसा. म्हणजे कागदावर गडद रंग लिहिलाय म्हणून ही आमची पांढरी घोडी नव्हेच असं कुणी म्हणालं तर घाईने मान्य करू नकोस. कॉनेमारा पोनींची ब्रीडर्स सोसायटी 1923 पासून आहे, पहिलं स्टडबुक, म्हणजे वंशावळीचं पुस्तक, 1926 ला निघालं, ऑफिस क्लिफडेनमध्येच आहे तुमच्या घराजवळ. घोडीचं नोंदलेलं नाव मिळालं की तिची आई, आईची आई असं मागे जाता येतं. मात्र घरातलं हाकेचं नाव आणि पुस्तकातलं नाव यांचा बऱ्याचदा काही संबंध नसतो हं, फोटोमागे "ग्रॅनी" लिहिलंय ती स्टडबुकात तुला ग्रॅनी म्हणून बहुतेक मिळणार नाही. ही जोडी लावू शकणारी व्यक्ती एकच आहे आणि ती तुझ्याच घरात चुलीजवळच्या खुर्चीत बसलेली आहे.

म्हणून घाई करायची असेल तर मार्बलची नको, सासूबाईंजवळ बसायची कर.

त्यांना सगळे फोटो एकदम देऊ नकोस. एक दिवस, एक फोटो. "ही कोण, आठवतंय का?" असं तर अजिबात विचारू नकोस, विसरणाऱ्या माणसाला ती परीक्षा वाटते, नाही आठवलं की ते गप्प होतात आणि मग दिवसभर गप्प राहतात, माझ्या आजीच्या वेळी आम्ही सगळ्यांनी मिळून ही चूक रोज केली. त्याऐवजी फोटो हातात देऊन तूच काहीतरी बोल, किती चिखल आहे बघा, हिचे कान बघा कसे. जमलं तर हातात जुना हॉल्टर, घोडीच्या तोंडावर बांधायचा पट्टा, दे, चामड्याला तेल लावायला दे. हाताला काम मिळालं आणि तो वास आला की तोंड सुटतं. मोबाईलवर रेकॉर्ड कर पण त्यांना सांगून. कार्नाच्या आहेत म्हणजे घोडीशी आयरिशमध्येच बोलत असणार, तिकडे बोलभाषाच ती आहे. ते शब्द जसे कानावर पडतील तसे देवनागरीत लिहून ठेव, स्पेलिंग नंतर कुणालाही विचारता येईल, पण घोडीला बोलवायची त्यांची हाक कुठल्याच पुस्तकात मिळायची नाही. आणि एकच गोष्ट चार दिवसांत चार वेगळ्या प्रकारे सांगितली तर चारही लिही, तारखा घालून.

आता नणंदेचं. "कालची आलेली" हे लागलंय तुला, पत्रात दिसतं. पण मला सांग, त्या घरातली पहिली घोडी कुणी आणली? एका सुनेने, माहेरून. स्टड सासऱ्यांच्या नावाने ओळखला जात असेल, शोच्या रिबनी त्यांच्या हातात दिल्या असतील, पण त्या कार्नाच्या घोडीच्या पोटी जी घोडी झाली, तिच्या पोटी जी झाली, अशी ती आईकडूनची ओळ आहे, आणि मार्चमध्ये गेलेली 29 वर्षांची बहुतेक त्याच ओळीतली. हे नणंदेला सुनवायला म्हणून नाही सांगत. तिलाही बोलव. तिचं बालपण त्या घोड्यांच्या पाठीवर गेलंय, तिच्याकडे असं काही असेल जे तुझ्याकडे कधीच नसणार, आणि मला तर वाटतं तिच्या बोलण्यात राग कमी आणि आपल्याला कुणी विचारलं नाही याचं दुःख जास्त आहे. "तू सांग, मी लिहिते" इतकंच म्हण.

एरवी सगळीकडे नाव स्टॅलियनचं, म्हणजे पैदाशीच्या नराचं होतं गं. सोसायटीच्या पुस्तकात एक नंबरला कॅनन बॉल नावाचा स्टॅलियन आहे, 1904 चा. ऊक्टरार्डची शेतकऱ्यांची शर्यत त्याने वर्षानुवर्षं जिंकली, आदल्या रात्री त्याला अर्धं पिंप ओट्स खायला घालायचे असं सांगतात, आणि तो गेला तेव्हा माणसासारखी रात्रभर जागवणूक करून पहाटे शेतात पुरला म्हणतात. सुंदर गोष्ट आहे, मला फार आवडते. पण त्या काळात कॉनेमारातल्या गरीब घरात स्टॅलियन कुठून असणार, एकच जनावर परवडायचं आणि ते म्हणजे घोडी. किनाऱ्यावरून समुद्री शेवाळ पाठीवरच्या टोपल्यांत भरून खडकाळ तुकड्यावर खत म्हणून आणायचं ते तिने, दलदलीतून जळणाचं पीट घरी आणायचं ते तिने, रविवारी गाडीला जुंपून चर्चला न्यायचं ते तिने, आणि हे सगळं करून दर वर्षी एक शिंगरू द्यायचं, ते जत्रेत विकून वर्षाचं देणं फिटायचं. अकरा महिने पोटात वागवायचं, पाच-सहा महिने दूध पाजायचं, मग पोर बाजारात. जमिनीत ग्रॅनाइट आणि दलदल, चरायला धड गवत नाही, वरून अटलांटिकचा वारा, त्यातून हे चिवट पाय आणि शहाणं डोकं घडलंय, उंची जेमतेम 128 ते 148 सेंटिमीटर. जी टिकली तिचीच पुढे शिंगरं झाली. तिच्यासाठी कुणी रात्र जागवल्याचं मी तरी ऐकलं नाही. तू जागवतेयस, म्हणून मला तुझं पत्र इतकं लागलं.

काय करायचं ते आता. एक जाड बांधीव वही आण, चांगल्या कागदाची, आणि पेनाने लिही. एका घोडीला चार पानं. हाकेचं नाव, नोंदलेलं नाव, आई कोण, कधी आली, कधी गेली, शिंगरं कोणती आणि कुठे गेली. हे सगळं एका पानात बसतं. उरलेली पानं तिच्या स्वभावाला ठेव. कुणाला जवळ येऊ द्यायची नाही, कुठल्या फाटकाची कडी तोंडाने काढायची, विताना माणूस बाहेर जाईपर्यंत थांबायची का (घोड्या बहुतेक रात्रीच वितात आणि डोळ्याला डोळा लागला की नेमक्या तेव्हाच), डोंगरावरून हाक मारली की पहिली कोण यायची. प्रत्येक गोष्टीपुढे कुणी सांगितली त्याचं नाव. कोरी पानं राहिली तर राहू देत.

आणि बक्षिसं मिळालेल्याच घ्यायच्या असं करू नकोस. तू पत्रात "चांगल्या घोड्या आधी" असं लिहिलंयस, ते मला पटलं नाही. जी कधी शोला गेलीच नाही तीही घे, लाथा मारायची तीही, दोन वर्षांत विकली तीही. मेलेली शिंगरंसुद्धा लिही.

यात एक अवघड पान येणार आहे. तू ओझरतं लिहिलंयस की एका घोडीच्या दोन शिंगरांचे खूर काही महिन्यांतच फाटायला लागले, दोघांनाही कायमचं झोपवावं लागलं, आणि सासरे शेवटपर्यंत स्वतःच्या जमिनीला आणि खाण्याला दोष देत राहिले. मी पशुवैद्य नाही, पण हे ऐकून कॉनेमारातला खुराचा एक आनुवंशिक आजार आठवतो, खुराची बाहेरची भिंत सुटून येते, अगदी लहानपणीच. दोष दोन्हीकडून आला तरच शिंगरू आजारी होतं. आई आणि बाप दोघंही वाहक असले, दिसायला ठणठणीत, तर दर वितीला चारात एक अशी शक्यता. त्यामागचं जनुक 2015 ला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं, आणि बाहेरून बघून तर वाहक ओळखता येतच नाही. सासऱ्यांना कळणं शक्यच नव्हतं. हे नवऱ्याला सांग, शांतपणे, तो "गेल्या त्या गेल्या" म्हणतोय त्यामागे मला हीच दोन शिंगरं दिसतात, बापाला तसं बसलेलं बघितलं असेल त्याने. आणि आता ज्या दोन घोड्या आहेत त्यांची तपासणी झाली नसेल तर गाभण करायच्या आधी करून घ्या, आयाळीचे मुळासकट उपटलेले केस लागतात, कापलेले चालत नाहीत. वाहक निघाली तरी ती घोडी वाईट ठरत नाही, फक्त तिला दोष नसलेला स्टॅलियन बघायचा. मला चुकीचंही वाटत असेल, तेव्हा व्हेटला विचार. पण ते पान कोरं सोडू नकोस.

विकलेल्या शिंगरांचा माग काढता आला तर बघ. या पोनी आज कितीतरी देशांत आहेत, युरोपात 2009 नंतर जन्मलेल्यांना तर ओळखीची चिप असतेच. तुमच्या घोडीची नात कुणाच्या तरी अंगणात उभी असेल आणि त्यांनाही तिची आजी बघायची असेल. फोटो मागव, तोच डाग नाकावर दिसला तर मला लगेच कळव.

माझ्या आजोळची गोष्ट सांगते. दौंडजवळ, भीमेच्या काठी. आजोबांची टांग्याची घोडी होती, चंद्री, भीमथडीची म्हणायचे. मी नऊ वर्षांची असताना ती गेली की विकली तेही मला नीट माहीत नाही. एक फोटो नाही. मला तिच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आठवतो, पाणी पिताना कान मागे-पुढे व्हायचे ते आठवतं, आणि माझ्या तळहातावरचा गूळ ओठांनी अलगद उचलायची ते. मामांना सगळं ठाऊक होतं, ती कुठून आणली, तिची शिंगरं कुठे गेली. विचारू विचारू म्हणत राहिले आणि मामा गेले. आता विचारायला कुणीच नाही. तुझ्याकडे अजून माणूस आहे, म्हणून मी इतकी मागे लागलेय.

मार्चमधल्या घोडीबद्दल. 29 वर्षं म्हणजे तू त्या घरात पाय ठेवलास तेव्हा ती अठराची होती, तिच्याच पाठीवर हात ठेवून तू त्या घरात रुळलीस असं तूच लिहिलंयस. मग रडायला येणारच. त्या ऑफिसातल्या माणसाला उत्तर द्यायची काही गरज नाही. तिकडे आता मेलेलं जनावर परस्पर शेतात पुरता येत नाही, गाडी येते आणि घेऊन जाते, मागे मातीसुद्धा राहत नाही, तेही टोचत असणार तुला. तिच्या शेपटीचे केस ठेवलेस हे फार चांगलं केलंस. त्यांची बारीक वेणी घाल आणि वहीत खूण म्हणून ठेव. तिची चार पानं मात्र सगळ्यात शेवटी लिही, आत्ता लिहायला बसलीस तर बाकीच्या राहून जातील. पहिली कार्नाचीच.

मार्बलला माझा विरोध नाही, हिरवा दगड त्या भिंतीवर शोभेलही. पण नावं पक्की झाल्यावर, वर्षभराने, आणि कुठली नावं ते सासूबाई आणि नणंदेने मिळून ठरवू दे.

या रविवारी ते तीन फोटो घे, 1964, 1970 आणि 1985 चा. दोन खिशात ठेव. पहिला सासूबाईंच्या हातात दे, चहा ठेव, आणि त्यांचं बोलून झालं की दुसरा त्याच्या शेजारी ठेव, मग तिसरा. काही बोलू नकोस. त्या काय म्हणतात ते मला लिही, आणि हो, 1964 चा फोटो भिंगातून बघितलास की नाकावरचा डाग कुठल्या बाजूला आहे तेही.

तुझी,
ताई